पायऱ्या, गुडघे आणि यात्रेचे फळ

ज्या तीर्थाची वाट पायऱ्यांची आहे, त्या तीर्थाला गुडघे दुखणाऱ्या माणसाने जावे कसे? तो ट्रॉलीने, डोलीने किंवा रोपवेने वर गेला, तर त्याची यात्रा झाली असे म्हणावे का? प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो, पण मुळात तो धर्मशास्त्राचा आहे. देहाचे कष्ट हेच यात्रेचे मोल असेल, तर सांध्यांची झीज झालेला माणूस यात्रेतून कायमचा बाद होतो. कष्टांना काहीच मोल नसेल, तर धडधाकट माणसाने तरी चालायचे कशासाठी, याचे उत्तर द्यावे लागते. या दोन टोकांमधली वाट आपल्या परंपरेने बरीच बारकाईने आखलेली आहे. ती नीट माहीत नसल्यामुळे कोणी दुखऱ्या गुडघ्यावर हट्टाने चढतो, तर कोणी ‘आता आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून घरीच बसतो.

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा येथे हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मुंबई–अहमदाबाद महामार्गाला सुरत–बारडोली रस्ता जिथे छेदतो, तिथे हे गाव आहे. आसपास कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या आहेत. जवळचे चलथाण स्टेशन सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे, आणि याच मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी सुरतेकडे येत राहिली. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, गिरणीत हिंदी असा त्यांचा व्यवहार. देवी मात्र गावाकडचीच, वणीची सप्तशृंगी. खान्देश हे या देवीचे माहेर, अशी तिकडची श्रद्धा आहे. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत देवीच्या सप्तशृंग गडावर उत्सव असतो, आणि त्या दिवसांत खान्देशातून तसेच सुरतेच्या बाजूने भगवे झेंडे घेतलेल्या पायी दिंड्या निघतात. कडोदऱ्याहून बारडोली, वाघई, सापुतारा, वणी असे धरले तर अंतर सुमारे दोनशे किलोमीटर होते. त्यात सापुताऱ्याचा घाट, डोक्यावर चैत्राचे ऊन आणि पायाखाली तापलेले डांबर.

एवढे चालून नांदुरीला पोहोचल्यावर गड समोर दिसतो. नांदुरीहून गडावरच्या गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा घाटरस्ता आहे, आणि त्या गावातून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई दाभाडे यांनी अठराव्या शतकात या वाटेवर पायऱ्या बांधून घेतल्या, असे सांगितले जाते. हे खरे असेल तर ही पायऱ्यांची वाटच एका काळची सोय होती. कड्याला हातांनी धरून चढणाऱ्या भाविकाला ती मिळाली, आणि तेव्हा कोणी तिला यात्रेतली पळवाट म्हटल्याची कथा नाही. 2018 मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ती रुळांवरून काही मिनिटांत भाविकाला देवळाजवळ नेते. ज्यांना पायऱ्याही नकोत आणि ट्रॉलीही नको, त्यांच्यासाठी पहिली पायरी आहेच. तिथे हळदकुंकू वाहून, नारळ ठेवून, वर पाहत हात जोडणारे भाविक गडावर नेहमी दिसतात. म्हणजे चढणारा, ट्रॉलीत बसणारा आणि पहिल्या पायरीवर थांबणारा असे तिघेजण एकाच देवीच्या दर्शनाला आलेले असतात. शास्त्र या तिघांकडे कसे पाहते?

वाहनाविरुद्धचे सर्वांत कडक वचन मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात आहे. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला प्रयागयात्रेचा विधी सांगतात. बैलावर बसून जाणाऱ्याला ते नरकाची भीती घालतात, आणि ऐश्वर्याच्या तोऱ्याने, लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ ठरते असे बजावतात. सप्तशृंग गडासमोरचा डोंगर मार्कंडेय ऋषींच्याच नावाचा आहे. त्या डोंगरावरून ऋषी देवीचे माहात्म्य गात असत आणि ते ऐकायला देवीने मान कलती केली, अशी गडाची आख्यायिका आहे. ट्रॉलीच्या समोरच्याच डोंगरावर ट्रॉलीचा पुराणातला विरोधक बसलेला आहे, असे वाटावे.

पण वचन नीट वाचले पाहिजे. त्यात निषेधाबरोबर कारणही सांगितले आहे: ऐश्वर्य, लोभ, मोह. अशक्ती त्यात नाही. पुढच्या काळातील निबंधकारांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राची वचने एकत्र करून त्यांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथकारांमध्ये, यावर वाद झाला. बाराव्या शतकातील लक्ष्मीधराच्या कृत्यकल्पतरूने हा निषेध प्रयागापुरता मानला, तर वाचस्पती मिश्रांच्या तीर्थचिंतामणीने तो सर्वच तीर्थांना लावला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात ही सगळी चर्चा एकत्र आणली आहे, आणि ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. वाद निषेधाच्या क्षेत्राचा आहे. ज्याचे पायच चालत नाहीत त्याला दोष लावायचा, असा आग्रह कोणी धरलेला दिसत नाही.

निबंधग्रंथांत उद्धृत होणारा दुसरा एक श्लोक यापेक्षा अधिक बोलका आहे. त्याचा आशय असा: बैलगाडीने तीर्थाला जाणे म्हणजे गोवधाचे पाप, घोड्यावरून जाणे निष्फळ, माणसांनी वाहिलेल्या यानातून गेल्यास अर्धे फळ, आणि पायी गेल्यास चौपट. ही वर्गवारी केवळ कष्टांवर आधारलेली असती, तर बैलगाडीचा नंबर इतका खाली लागायला नको होता. हाडे खिळखिळी करणारा बैलगाडीचा प्रवास पालखीपेक्षा जास्त त्रासाचा. तरीही ती सर्वांत निंद्य ठरली, याचे कारण उघड आहे: यात्रेचा भार कोणावर पडतो, हेही शास्त्र पाहत होते. बैल बोलू शकत नाही, त्याला यात्रेची इच्छा नाही, त्याला नकार देता येत नाही. आपल्या पुण्यासाठी मुक्या जनावराला घाट चढायला लावणे हा पुण्याचा व्यवहारच नासवून टाकणारा प्रकार आहे. माणसाला मजुरी मिळते, तो कबूल होऊन खांदा देतो, म्हणून तिथे अर्धे तरी फळ उरते.

हा मुद्दा गिरनारवर प्रत्यक्ष दिसतो. जुनागढजवळचा हा पर्वत गुजरातेत असला, तरी वरच्या दत्तात्रेय शिखरामुळे तो मराठी दत्तभक्तांचा डोंगर झालेला आहे. वाट सुमारे दहा हजार पायऱ्यांची. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला रोपवे अंबाजीच्या देवळापर्यंत, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेपर्यंत नेतो. तिथून पुढे गोरखनाथ शिखर, मग खोल उतार, आणि पुन्हा दत्तपादुकांपर्यंतची खडी चढण पायीच करावी लागते. ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी डोली आहे. पायथ्याशी माणसाला काट्यावर उभे करून त्याच्या वजनावर डोलीचा दर ठरतो. भाविकाचे सत्तर-ऐंशी किलो वजन त्याच्या दोन गुडघ्यांवरून उतरते आणि वाहणाऱ्यांच्या गुडघ्यांवर चढते, आणि तेही जाता-येता हजारो पायऱ्या. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ‘वाहन’ हा एकच शब्द इथे अपुरा पडतो. रोपवे आणि डोली यांत मोठे अंतर आहे. जुन्या श्लोकाची नजर ठेवून पाहिले, तर विजेवर चालणारी ट्रॉली डोलीपेक्षा निर्दोष म्हणावी लागेल, कारण तिथे कोणाचे सांधे झिजत नाहीत. डोलीवाल्याची रोजी त्या वाटेवरच आहे, हे मात्र विसरता येत नाही. ज्याला डोलीची खरोखर गरज आहे त्याने संकोच न करता ती घ्यावी, ठरलेल्यापेक्षा दोन पैसे जास्त द्यावेत आणि वाटेत विसाव्याला थांबू द्यावे. अर्ध्या फळाचा तो प्रामाणिक हिशेब आहे.

फळाचे असे अंश शास्त्राने आणखीही केले आहेत. दुसऱ्यासाठी यात्रा करणाऱ्याला सोळावा हिस्सा मिळतो, दुसऱ्याच कामाला गेला असता वाटेत तीर्थ घडले तर अर्धा. जो येऊच शकत नाही त्याच्या नावाने कुशाची प्रतिमा करून तीर्थात बुडवली, तर त्याला आठवा हिस्सा. आजच्या वाचकाला हे हिशेब बारीकसारीक वाटतील. पण त्यामागचा विचार उदार आहे. जागचा हलू न शकणारा माणूसही यात्रेच्या बाहेर राहू नये, त्याचे नाव कोणी तरी पाण्यापर्यंत न्यावे, यासाठी ही योजना आहे. कडोदऱ्याच्या एखाद्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या नावाने गडावर नारळ फोडणारा नातू, त्याला ठाऊक नसले तरी, हेच करत असतो.

या सगळ्यामागे धर्मशास्त्रातली एक जोडी उभी आहे: मुख्यकल्प आणि अनुकल्प. मुख्यकल्प म्हणजे विधीचे पूर्ण रूप. अनुकल्प म्हणजे ते शक्य नसताना सांगितलेला पर्याय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात या जोडीविषयी एक नेमका नियम आहे. मुख्यकल्प करण्याची ताकद असताना जो अनुकल्पावर भागवतो, त्याला परलोकीचे फळ मिळत नाही. हा नियम दुधारी आहे. धडधाकट तरुण केवळ रांग टाळण्यासाठी किंवा घाम नको म्हणून ट्रॉलीत बसला, तर त्याने हातचे काही तरी घालवले. पण ज्याची ताकदच नाही त्याच्यासाठी अनुकल्प हा विधीचाच भाग आहे. त्याच्या बाबतीत अनुकल्पाला कमीपणाची जागा म्हणता येत नाही. ट्रॉली एकच, तिकीट एकच, तरी दोन प्रवाशांचे फळ वेगळे. आणि ताकद आहे की नाही हे ज्याचे त्याला ठाऊक. शेजारच्याने पाहून ते ठरवता येत नाही, कारण गुडघ्याची झीज कपड्यांवरून दिसत नाही.

वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने हा विचार आणखी खोल नेला. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात अधिकाराची, म्हणजे कर्म कोणी करावे याची चर्चा आहे. पांगळ्याचे उदाहरण त्याच चर्चेत येते. यज्ञात यजमानाला विष्णुक्रम नावाची ठरावीक पावले टाकावी लागतात, आणि पांगळ्याला ती टाकता येत नाहीत. मग त्याचा अधिकार उरतो का? मीमांसकांनी इथे काम्य आणि नित्य यांत फरक केला. स्वर्ग, पुत्र, धन अशा फळासाठी केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण व्हावे लागते. अंग राहिले तर फळ नाही. नित्य कर्म मात्र यथाशक्ती केले तरी चालते. जेवढे जमेल तेवढे करावे, पण सोडू नये.

नवसाच्या यात्रेला हा फरक लावून पाहिला की बरेच काही उलगडते. ‘मुलाला नोकरी लागू दे, मी पायी गडावर येईन’ हा नवस काम्य आहे. त्यात सौदा आहे, म्हणून त्याच्या अटीही सौद्यासारख्या काटेकोर. नवस बोलून झाल्यावर गुडघा गेला की माणूस घाबरतो: पायी नाही गेलो तर देवी कोपेल. दरवर्षी चैत्रात दर्शनाला जाण्याची रीत मात्र नित्याच्या जातीची आहे. तिला ‘जमेल तसे’ हा नियम लागतो. एका वर्षी पूर्ण वाट पायी, पुढे सापुताऱ्यापासून पायी, नंतर गडाच्या पायऱ्यांपुरते पायी, आणि अखेरीस ट्रॉलीने किंवा पहिल्या पायरीपर्यंत. वयाबरोबर वाट आखूड होत गेली तरी रीत मोडत नाही. म्हणून सांध्यांचा त्रास असलेल्या माणसाने नवस बोलतानाच पायांना त्यात गुंतवू नये, हा सल्ला मीमांसेतून सरळ निघतो. बोलून झालाच असेल, तर तो अशक्तीमुळे अनुकल्पाने फेडता येतो. त्यासाठी देहाचा बळी द्यावा लागत नाही.

देहाचा बळी हा प्रश्नाचा खरा गाभा. दुखत असताना चढणे हेच तप, असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. लोटांगण घालत जाणारे, तापल्या दगडावर अनवाणी चालणारे भाविक प्रत्येक मोठ्या तीर्थावर दिसतात, आणि त्यांच्या श्रद्धेविषयी आदरच वाटतो. पण परंपरेतील थोर ग्रंथ या बाबतीत सावध आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभ आणि अहंकाराने देहातील भूतसमुदायाला पिळून काढणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस. कालिदासाच्या कुमारसंभवात पाचव्या सर्गात बटूच्या वेषातला शिव तप करणाऱ्या पार्वतीपाशी येतो, आणि सुरुवातीलाच तिची विचारपूस करतो: तप आपल्या शक्तीच्या बेताने चालले आहे ना? शरीर हे धर्माचे पहिले साधन, ही प्रसिद्ध उक्ती त्या विचारपुशीचाच भाग आहे. तिच्या संदर्भावर फारसे लक्ष जात नाही. ती आरामाची शिफारस म्हणून आलेली नाही. ती कठोर तपस्विनीला, खुद्द तिच्या तपाच्या देवतेने विचारलेल्या प्रश्नात आलेली आहे.

जैन परंपरा इथे वेगळा सूर लावते, आणि तो नोंदवायला हवा, कारण सुरतेच्या परिसरात तो रोज कानी पडतो. तिथे कष्ट समभावाने सोसण्याला कर्मनिर्जरेचे, म्हणजे साचलेले कर्म झडून जाण्याचे, थेट मोल आहे. साधूने सोसायच्या बावीस परीषहांत चालण्याचा परीषहही मोजलेला आहे. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या नव्व्याण्णव वेळा चढण्याचे व्रत करणारे श्रावक पालिताण्याला आजही येतात. पण त्याच परंपरेत, चालणे संपलेल्या वृद्ध साधूसाठी स्थिरवास आहे: विहार, म्हणजे गावोगावचे पायी फिरणे, थांबवून एका जागी राहणे. वाहन न वापरण्याचा नियम न मोडता कष्टाला मर्यादा घालण्याची ही रीत आहे. म्हणजे कष्टाला सर्वाधिक किंमत देणाऱ्यांनीही झिजलेल्या पायांचा विचार केलाच.

महाभारतात या प्रश्नाची दोन चित्रे समोरासमोर आहेत, आणि ती एकाच कुटुंबाची आहेत. वनपर्वात पांडव तीर्थयात्रेला निघतात, तेव्हा लोमश ऋषी युधिष्ठिराला लवाजमा कमी करायला सांगतात. भूक, तहान, वाटेचा शीण ज्यांना सोसवणार नाही त्यांना युधिष्ठिर परत पाठवतो. पुढे गंधमादनाच्या चढणीआधी द्रौपदीला हे झेपेल का, हा विचार होतो. ती मागे राहायला तयार नसते, आणि जिथे तिला चालवणार नाही तिथे मी तिला उचलून नेईन, असे भीम सांगतो. वादळानंतर ती खरोखरच कोसळते. नकुल तिला सावरतो, युधिष्ठिर तिचे डोके मांडीवर घेतो, जुळे भाऊ तिचे पाय चेपतात. मग भीम घटोत्कचाला बोलावतो. तो द्रौपदीला वाहून नेतो, आणि त्याचे साथीदार पांडवांनाही उचलून घेतात. नर-नारायणांच्या आश्रमापर्यंत ही मंडळी अशी पोहोचतात. त्यांच्या यात्रेचे फळ त्यामुळे उणे झाले असे व्यास कुठेही म्हणत नाहीत.

दुसरे चित्र महाप्रस्थानाचे. पुन्हा हिमालय, पुन्हा चढण, पुन्हा प्रथम पडते ती द्रौपदीच. या वेळी कोणी तिचे डोके मांडीवर घेत नाही. भीम कारण विचारतो, युधिष्ठिर ते सांगतो आणि मागे न पाहता चालू लागतो. दोन्हींत चढणारी माणसे तीच. फरक प्रवासाच्या जातीत आहे. महाप्रस्थान देह टाकण्यासाठी असते, तिथून परतायचे नसते. तीर्थयात्रा परतण्यासाठी असते. पुण्य गाठीला बांधून घरी, शेतावर, गिरणीच्या पाळीवर यायचे असते. जो भाविक गुडघा कायमचा जायबंदी होईल हे कळत असूनही चढत राहतो, तो यात्रेला निघून महाप्रस्थानाचे नियम पाळत असतो.

आता देहाकडे. कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी उपकरणे बसवून केलेल्या मोजणीत असे दिसले की सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, पायऱ्या चढताना तीन पटींहून थोडा अधिक, आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. साठ किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना दर पावलाला दोनशे किलोंहून अधिक. म्हणजे दम चढताना लागतो, पण गुडघा जास्त दुखतो तो उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालत असतो, आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. पायऱ्यांचा निर्णय करताना बहुतेक लोक वर पाहतात, खाली पाहायचे राहून जाते.

यातून गडासाठी एक सोपी व्यवस्था निघते. थोडा त्रास असलेल्या माणसाने चढताना पायऱ्या चढाव्यात आणि उतरताना ट्रॉली घ्यावी. नवसात उल्लेख असतो तो सहसा चढण्याचा, त्यामुळे मनाचे समाधान राहते आणि गुडघ्यावरचा सर्वांत मोठा भार टळतो. अनेकजण उलटे करतात: वर ट्रॉलीने जातात आणि ‘उतरायला काय लागतंय’ म्हणून पायऱ्यांनी उतरतात. दुखऱ्या गुडघ्यासाठी ही निवड चुकीची.

ज्याला पायऱ्या चढायच्याच आहेत त्याने पावलांचा क्रम पाळावा. चढताना चांगला पाय आधी वर जातो आणि दुखरा त्याच पायरीवर मागून येतो. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चांगला मागून. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. अनेकजण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा उपयोग वाया जातो. सरळ उभे राहून हात खाली सोडला असता मनगटाशी येईल एवढी तिची उंची असावी. जमेल तिथे कठड्याला हात ठेवावा. दिवस उजाडताच चढावे, म्हणजे दगड तापलेला नसतो आणि गर्दीचा रेटाही नसतो. मागून ढकलणाऱ्या गर्दीत एकेक पायरी जपून उतरणे जवळपास अशक्य असते. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्याने अनवाणी चालण्याचा नेम करू नये. फोड आलेला त्याला कळतच नाही. वेदनाशामक गोळी घेऊन चढणे टाळावे, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच ती दाबून टाकते. आणि तयारी निघायच्या दिवशी होत नाही. महिना-दोन महिने आधीपासून घराच्या किंवा चाळीच्या जिन्यावर थोडे थोडे चढणे वाढवले, मांडीचे स्नायू बळकट केले, तर गुडघ्यावरचा भार बराच वाटला जातो. चढण्याच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला असेल, तर सराव झेपेल त्याहून जास्त झाला असे समजावे. गुडघा अडकत असेल, मध्येच दगा देत असेल, किंवा लाल, गरम होऊन सुजला असेल, तर आधी डॉक्टर, मग देवी.

इतर धर्मांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. इस्लाममध्ये हज फर्ज आहे तो ज्याला तिथवर जाण्याची ऐपत आणि ताकद आहे त्यालाच. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी आजाराची तक्रार सांगितली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना लोकांच्या मागून वाहनावर बसून तवाफ, म्हणजे काबेची प्रदक्षिणा, करायला सांगितल्याची हदीस आहे. रोममध्ये पवित्र जिन्याच्या 28 संगमरवरी पायऱ्या भाविक गुडघ्यांवर चढतात, पण बाजूलाच पायांनी चढायचे जिनेही आहेत. स्पेनमधील सांतियागोची यात्रा पूर्ण केल्याचा दाखला शेवटचे 100 किलोमीटर पायी किंवा घोड्यावरून केल्यास मिळतो, सायकलला 200. आपल्या श्लोकाने निष्फळ ठरवलेला घोडा तिथे पायी चालणाऱ्याच्या रांगेत बसतो. युरोपातील जुन्या शहरांत पायी सहलीला जाणाऱ्या मराठी ज्येष्ठांपुढे संकल्प-पुण्याचा पेच नसतो. पण गटातले बाकीचे चढतात म्हणून आपणही मनोऱ्याच्या तीनशे पायऱ्या चढायच्याच, हा हट्ट मात्र तोच असतो, आणि गीतेने त्याला दिलेले नावही तेच: तामस.

राहिला प्रश्न सोबत्यांचा. महाभारतात पुलस्त्य ऋषींनी भीष्मांना सांगितलेल्या तीर्थविधीत, ज्याचे हात, पाय आणि मन आवरलेले आहेत त्याला तीर्थाचे फळ मिळते असे म्हटले आहे. पाय आवरणे हे दिंडीतल्या दमदार पायांनाही लागू आहे. दिंडीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरावा, रोजची मजल सकाळी जाहीर व्हावी, सामानाच्या टेंपोत दोन-चार जणांच्या बसण्याची जागा राखून ठेवावी, आणि त्यात बसणाऱ्याला कोणी टोमणा मारू नये. सापुताऱ्याचा घाट टेंपोने चढून वरच्या सपाटीवर पुन्हा दिंडीत चालू लागणारा माणूस दिंडीतच असतो. गडावर पोहोचल्यावर चढणाऱ्यांनी पहिल्या पायरीवर थांबलेल्यांचे नारळ, खणाची ओटी बरोबर न्यावी, आणि उतरताना प्रसाद आधी त्यांच्या हाती द्यावा. गुडघे दुखणाऱ्याने आपली अडचण निघण्यापूर्वीच दिंडीप्रमुखाच्या कानावर घालावी. निम्म्या घाटात कळल्यावर करता येण्यासारखे फार थोडे उरते.